गाडीमागची गोष्ट, भाग ७ : सोमवारी माणसं न येणारा कारखाना

मागच्या आठवड्यात आपण चॅसी नंबर वाचायला शिकलो. पहिलं अक्षर ‘जे’ असेल तर गाडी जपानमध्ये बनलेली, ‘डब्ल्यू’ असेल तर जर्मनीत, आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा नंबर ‘एमए’ने सुरू होतो. एवढं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग चांगली कुठली? ‘इंजिन जपानी आहे बरं का’ या एका वाक्यावर जुन्या गाड्यांच्या बाजारात अजूनही भाव चढतो.

याचा नीट छडा लावायचा, तर देश तोच, जागा तीच, माणसंही तीच ठेवायची आणि फक्त कामाची पद्धत बदलून बघायची. असला प्रयोग मुद्दाम कोण करणार? पण कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट इथे तो घडला.

तिथे जनरल मोटर्सचा कारखाना होता. त्याची ख्याती अशी की रोज पाचातला एक कामगार गैरहजर, आणि काही सोमवारी तर जुळणीची लाइन सुरू करण्याइतकीही माणसं जमायची नाहीत. कामावर दारू चालायची. व्यवस्थापनावरचा राग गाडीवर निघायचा; दाराच्या पत्र्याआड कोणी रिकामी बाटली टाकून द्यायचं, म्हणजे ती खडखड घेणाऱ्याला जन्मभर पुरावी. कंपनीचा एकच नियम पक्का होता, लाइन थांबता कामा नये. इंजिन चुकीचं बसलं तरी गाडी पुढे ढकलायची, दुरुस्ती नंतर आवारात. १९८२ साली कंपनीने या कारखान्याला कुलूप लावलं.

दोनच वर्षांनी ते उघडलं टोयोटाने, जनरल मोटर्सशी भागीदारी करून. अमेरिकेत जाणाऱ्या जपानी गाड्यांच्या संख्येवर १९८१ पासून मर्यादा आली होती, त्यामुळे टोयोटाला तिथेच गाड्या बनवून बघायच्या होत्या. जनरल मोटर्सला छोटी गाडी फायद्यात कशी बनवतात ते शिकायचं होतं. नव्या कंपनीचं नाव नुमी. कामगार संघटना जुनीच, आणि घेतलेली बहुतेक माणसंही जुनीच, त्याच बदनाम यादीतली. त्यांतल्या शेकडो जणांना जपानमधल्या ताकाओका कारखान्यात शिकायला पाठवलं.

तिथे त्यांनी लाइनच्या बाजूने टांगलेली दोरी पाहिली. काही चुकतंय असं वाटलं की कामगाराने ती ओढायची. दिवा लागतो, धून वाजते, गटप्रमुख धावत येतो. गाडी त्या टप्प्याच्या शेवटच्या खुणेपर्यंत पोचायच्या आत दोष निघाला तर ठीक, नाहीतर लाइन थांबते. साध्या कामगाराने लाइन थांबवायची! जुन्या फ्रीमाँटमध्ये ही गोष्ट नोकरीवर बेतली असती.

ही पद्धत घेऊन ते परतले, आणि डिसेंबर १९८४ मध्ये नुमीतून पहिली शेवरले नोव्हा बाहेर पडली. पुढे अमेरिकेतल्या एमआयटीच्या अभ्यासकांनी तीन कारखान्यांची मोजदाद केली: जनरल मोटर्सचा मॅसॅच्युसेट्समधला जुना कारखाना, ताकाओका आणि नुमी. जुळणीतले दोष नुमीत आणि ताकाओकात सारखेच, शंभर गाड्यांमागे ४५. मॅसॅच्युसेट्समध्ये त्याच्या सुमारे तिप्पट. एका गाडीला ताकाओकात १६ तास लागायचे, नुमीत १९, मॅसॅच्युसेट्समध्ये ३१. देश मात्र थोडासा डोकावतोच: सुट्या भागांचा साठा ताकाओकात दोन तासांचा असायचा, नुमीत दोन दिवसांचा, कारण बरंचसं सामान समुद्र ओलांडून यायचं.

गिऱ्हाइकाचं डोकं काही बदललं नाही. नुमीच्या एकाच लाइनवर टोयोटा कोरोला आणि तिचीच जुळी बहीण प्रिझ्म बनायची. प्रिझ्मवर जनरल मोटर्सचा बिल्ला, म्हणून जुनी झाल्यावर तिला कोरोलापेक्षा कमी पैसे यायचे. ज्यांनी हे ओळखून प्रिझ्म घेतली त्यांची चंगळ झाली.

म्हणजे देशाचा काहीच संबंध नाही? आहे, फक्त मला वाटतं, गाडी बनते त्या देशापेक्षा ती विकली जाते त्या देशाचा जास्त. यासाठी कॅलिफोर्नियाला जायला नको, चाकण पुरे. जानेवारी २०१४ मध्ये गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या काही छोट्या गाड्या आदळून पाहिल्या. त्यांत चाकणला बनणारी फोक्सवॅगन पोलो होती, एअरबॅग नसलेली. तिचा सांगाडा आघातात टिकून राहिला, तरी मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी तिला शून्य तारे मिळाले. दोन एअरबॅगवाल्या पोलोला चार. जर्मन नाव दोन्हींवर होतं, आणि बनवणारे हात आपल्या पुणे जिल्ह्यातले. फरक एवढाच, की त्या वेळी आपल्याकडे एअरबॅग सक्तीची नव्हती आणि तिच्याशिवाय गाडी खपत होती. कंपनीने लगेच बिनएअरबॅगची पोलो बंद केली. बनवणाऱ्या देशाचं म्हणाल, तर मेक्सिकोतले लोक त्याच सुमारास चाकणमध्ये बनलेली व्हेंटो ही गाडी फोक्सवॅगन म्हणून विकत घेत होते.

(पुढच्या आठवड्यात : शोरूममध्ये बॉनेटवर टकटक करून नक्की काय कळतं?)