कुंपण शेत खातं तेव्हा

पाणीखात्यातल्या चीफ इंजिनिअरचा खून हा रहस्यपटाचा विषय होऊ शकतो, हे आमच्या पाटबंधारे कार्यालयात कुणालाच पटलं नसतं. आमच्याकडे साहेबांची बदली व्हायची, फार तर चौकशी लागायची. पण १९७४ साली आलेल्या ‘चायनाटाउन’ या अमेरिकी चित्रपटात लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा खात्याचा चीफ इंजिनिअर जिवानिशी जातो. कारण काय, तर त्यानं एका धरणाला नकार दिलेला असतो. सगळी नोकरी कालव्यांवर काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा चित्रपट का सोडवत नाही, ते एवढ्यावरून कळावं. मात्र तो पाण्यावरचा माहितीपट नाही. गेल्या पन्नास वर्षांत पडद्यावर जे खासगी गुप्तहेर आले, त्यांतला सर्वांत जखमी गुप्तहेर त्यात आहे.

काळ १९३७ चा. शहरात दुष्काळ आहे. जेक गिटिस हा गुप्तहेर नवरा-बायकोंची लफडी शोधून पैसे मिळवतो. सूट कडक इस्त्रीचे, कार्यालय नीटनेटकं, हाताखाली दोन माणसं. बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजय-छोटूंवर वाढलेल्या आमच्या पिढीला असा गुप्तहेर जरा हलकाच वाटेल. हा चोरांच्या अड्ड्यांत शिरत नाही, खिडक्यांतून फोटो काढतो. एक बाई येते, मी मिसेस मलरे म्हणून सांगते आणि नवऱ्यावर पाळत ठेवायला लावते. नवरा म्हणजे चीफ इंजिनिअर हॉलिस मलरे. गिटिस त्याचे एका तरुण मुलीबरोबरचे फोटो काढतो, ते वर्तमानपत्रात झळकतात, आणि मग खरी मिसेस मलरे वकिलाला घेऊन दारात उभी राहते. पहिली बाई तोतया होती. कुणीतरी गिटिसच्या हातून मलरेची बदनामी करून घेतली. थोड्याच दिवसांत मलरेचं प्रेत पाण्यातून बाहेर काढलं जातं.

गिटिस तपासाला लागतो तो न्यायासाठी नव्हे. आपल्याला कुणी वापरलं, हे त्याला सहन होत नाही. मुळात तो पोलिसात होता, नेमणूक लॉस एंजेलिसच्या चिनी वस्तीत, म्हणजे चायनाटाउनमध्ये. तिथे एका बाईला इजा होऊ नये म्हणून त्यानं धडपड केली आणि त्या धडपडीमुळेच तिला इजा झाली. याहून जास्त तपशील चित्रपट देत नाही. त्या वस्तीत काय चाललंय ते आपल्याला कळत नाही, म्हणून शक्य तितकं कमी करावं, एवढाच धडा घेऊन तो नोकरीतून बाहेर पडला आहे. आणि स्वभाव असा की काही न करता त्याला बसवत नाही.

या प्रकारच्या चित्रपटांना ‘फिल्म नॉयर’ म्हणतात. १९४६ साली निनो फ्रँक या फ्रेंच समीक्षकानं हे नाव वापरलं. महायुद्धात अडकून पडलेले अमेरिकी चित्रपट तेव्हा पॅरिसमध्ये एकदम पोचले होते आणि त्यांतला काळोख त्याच्या नजरेत भरला. रात्र, ओले रस्ते, खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या, जाळ्यात ओढणारी बाई आणि शहाणा पण थकलेला नायक असा त्यांचा सरंजाम. जॉन ह्यूस्टननं १९४१ साली दिग्दर्शित केलेल्या ‘द मॉल्टीज फाल्कन’मधला हंफ्री बोगार्टचा गुप्तहेर हा त्यातला नमुना. त्याला शेवटी सगळं उलगडतं आणि तो गुन्हेगाराला पोलिसांच्या हवाली करतो. तसं होणं भागही होतं. हॉलीवूडची त्या वेळची आचारसंहिता गुन्हेगाराला मोकळा सुटू देत नसे. ती संहिता १९६८ साली गेली. त्यानंतरच्या नॉयरपटांत गुप्तहेराला सगळं समजू शकतं आणि तरीही त्याच्या हातून काहीच होत नाही. आधुनिक नॉयर जुन्याहून वेगळा होतो तो इथे.

‘चायनाटाउन’मध्ये काळोखसुद्धा नाही. जॉन अलोन्झोच्या कॅमेऱ्यानं टिपलेलं रखरखीत ऊन, पिवळट टेकड्या, कोरडं नदीपात्र. गिटिस जवळजवळ प्रत्येक प्रसंगात आहे. दिग्दर्शक रोमन पोलान्स्कीनं कॅमेरा बऱ्याचदा त्याच्या खांद्यामागे ठेवला आहे. त्याला जे कळतं तेवढंच आपल्याला कळतं. त्याच्या डोक्यात फटका बसून शुद्ध हरपते, तेव्हा पडदाही काळा होतो. संगीतकार जेरी गोल्डस्मिथ ऐनवेळी आला, आधीचं संगीत बाजूला ठेवून दहा दिवसांत त्यानं नवं रचलं. त्यातला एकटा ट्रंपेट सबंध चित्रपटभर उदासी धरून ठेवतो.

गिटिस कामात मात्र तरबेज आहे. मोटार किती वाजता निघाली हे कळायला तो चाकाखाली स्वस्तातली खिशातली घड्याळं ठेवतो; चिरडलेल्या घड्याळाचे काटे वेळ सांगतात. रात्री पाठलाग करायच्या गाडीचा मागचा एक दिवा आधीच फोडून ठेवतो, म्हणजे गर्दीतही ती ओळखू येते. जमिनींच्या दप्तरातलं पान हवं असतं, तेव्हा कारकुनाकडून पट्टी मागून घेतो आणि मोठ्यानं खोकत ते फाडतो. आमच्याकडे तलाठ्याच्या दप्तरात फेरफार बघायला जाणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर पाहावा. अनुकरणासाठी अर्थातच नाही.

आता पाण्याचं. धरण किंवा कालवा सांभाळणारा माणूस रोज एकच हिशोब मांडतो: आलं किती, गेलं किती, उरलं किती. या चित्रपटात तो हिशोब पहिल्यापासून जुळत नाही. दुष्काळ आहे, आणि एक दारुडा कोरड्या नदीपात्रात बुडून मरतो. मलरे बुडून मरतो आणि त्याच्या फुप्फुसांत खारं पाणी सापडतं. उन्हाळी आवर्तन बंद असताना चारीला ओल दिसली की आम्ही जे समजायचो, तेच इथे समजायचं. कुणीतरी रात्री दरवाजे उघडतंय. शहराचं पाणी अंधारात समुद्राकडे सोडलं जातंय, टंचाई वाढवली जातेय, म्हणजे घाबरलेले मतदार नव्या धरणाच्या कर्जाला मान्यता देतील. त्या धरणाचं पाणी जाणार सॅन फर्नांडो खोऱ्यात. तिथल्या बागाईतदारांचं पाणी तोडून त्यांना टेकीला आणलंय आणि त्यांच्या जमिनी कवडीमोलानं घेतल्या जाताहेत. खरेदीदार कोण, तर एका वृद्धाश्रमातली म्हातारी माणसं. आपण जमीनदार झालो, याचा त्यांना पत्ताच नाही. बेनामी खातेदार हा प्रकार मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

हे सगळं गिटिसला फार उशिरा दिसतं. मला या चित्रपटाबद्दल मुख्यतः सांगायचं आहे ते हेच. तो आंधळा नाही, पण धंद्यानं त्याच्या नजरेला एक वळण लावलंय. त्याला प्रत्येक भानगडीत लफडं दिसतं. मलरे रात्ररात्र नदीपात्रात, समुद्रकाठी पाण्याच्या मुखाशी जाऊन बसायचा. हे पाळत ठेवणाऱ्या गिटिसनं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पण तो वाट बघत असतो बाई येण्याची. नगरसभेत मलरे स्पष्ट सांगतो की, आधीचं धरण अशाच झिरपणाऱ्या खडकावर उभं होतं, ते फुटलं, पाचशेहून जास्त माणसं गेली, ही चूक मी पुन्हा करणार नाही. पाण्यावाचून चिडलेला एक शेतकरी सभागृहात मेंढरं घुसवतो. आणि गिटिस तिथे कंटाळून वर्तमानपत्र वाचतो.

ज्यांना माहीत असतं, ती माणसंही त्याच्या हिशोबात नसतात. कोरड्या पात्रात घोड्यावरून फिरणारा एक मुलगा पाणी कुठून येतं ते सांगतो. मलरेच्या बंगल्यातला आशियाई माळी तळ्याचं पाणी गवताला वाईट असल्याचं पुटपुटतो. गिटिस त्याच्या उच्चाराची नक्कल करतो आणि पुढे जातो. ते तळं खाऱ्या पाण्याचं आहे, खुनाचा सगळा उलगडा तिथेच आहे. कालव्यावर नोकरी केलेल्याला हे चांगलं ठाऊक असतं: फुटीची पहिली खबर रजिस्टरात नसते, पाटकऱ्याकडे असते. त्याला विचारणारा साहेब मात्र क्वचित भेटतो. चित्रपटावर एक आक्षेप इथेच नोंदवायला हवा. ज्या वस्तीचं नाव तो मिरवतो, तिथल्या माणसांना त्यात नोकर आणि गर्दी यापलीकडे जागा नाही.

या सगळ्यामागचा सूत्रधार म्हणजे नोआ क्रॉस. हा एकेकाळी शहराच्या पाण्याचा मालक आणि मलरेचा भागीदार होता. मिसेस मलरे, म्हणजे एव्हलिन, ही त्याची मुलगी. गंमत अशी की हे काम केलंय जॉन ह्यूस्टननं. ‘मॉल्टीज फाल्कन’मध्ये गुन्हेगाराला पोलिसांकडे पाठवणारा दिग्दर्शक तेहतीस वर्षांनी इथे कुणाच्याही हाती न लागणारा गुन्हेगार होऊन येतो. क्रॉस आरडाओरडा करत नाही, धमक्या देत नाही. गिटिसचं नाव तो सारखं चुकीचं उच्चारतो आणि दुरुस्त करायची तसदी घेत नाही. समोरच्याची किंमत काय, हे त्यातून कळतं.

पैशाचा गुन्हा आणि घरातला गुन्हा असे दोन गुन्हे चित्रपटात समांतर चालतात. दुसरा कोणता, ते इथे सांगत नाही. फे डनवेच्या एव्हलिनच्या तोंडून तो बाहेर पडतो तो प्रसंग ज्यानं त्यानं स्वतःच पाहावा. एवढंच सांगतो की दोन्ही गुन्ह्यांची जात एक आहे. ज्याच्या भरवशावर सोपवलं, त्यानंच ते आपलं समजून ओरबाडलं. कुंपणच शेत खातं. गुप्तहेर कुंपणाबाहेर चोराच्या पावलांचे ठसे शोधत राहतो. ते तिथे सापडणार कसे?

पटकथाकार रॉबर्ट टाउनला शेवट इतका काळा नको होता. पोलान्स्कीनं हट्ट धरला आणि अखेरचा प्रसंग चायनाटाउनमध्येच नेला. त्या आधी पडद्यावर ती वस्ती येतच नाही. गिटिस पुन्हा एका बाईला वाचवायला धावतो. पुढचं न सांगताही वाचकाच्या लक्षात येईल. चित्रपटाला अकरा ऑस्कर नामांकनं मिळाली, पुरस्कार एकच, तो टाउनच्या पटकथेला. पोलान्स्कीनं यात एक छोटी भूमिकाही केली आहे. जलाशयाच्या कुंपणापाशी गिटिसची नाकपुडी चाकूनं फाडणारा बुटका गुंड तो हाच. गिटिसची भूमिका करणाऱ्या, त्या वेळी अव्वल नट असलेल्या जॅक निकल्सननं पुढचा बराच चित्रपट नाकावर भली मोठी पट्टी बांधून काढला. आणखी एक गोष्ट झाकता येत नाही: १९७७ साली पोलान्स्कीवर तेरा वर्षांच्या मुलीवरील अत्याचाराचा खटला झाला, अल्पवयीन मुलीशी बेकायदा संबंधांचा गुन्हा त्यानं कबूल केला आणि १९७८ साली शिक्षेआधी तो अमेरिकेतून पळाला. भरवसा मोडणाऱ्या ताकदवान माणसावरचा हा चित्रपट पाहताना ते मनातून जात नाही, आणि जाऊही नये.

हिंदीत याचा एक सरस अवतार आहे, नवदीप सिंगचा ‘मनोरमा सिक्स फीट अंडर’ (२००७). राजस्थानातलं लहान गाव, मंत्री पाटबंधाऱ्यांचा, आणि अभय देओलनं रंगवलेला नायक म्हणजे बांधकाम खात्यातला निलंबित ज्युनिअर इंजिनिअर. त्याच्या नावावर एक न खपलेली रहस्यकथा. आमच्या बिरादरीला पडद्यावर अखेर न्याय मिळाला, असं मी विनोदानं म्हणतो.

‘चायनाटाउन’मधलं पाणी पूर्ण कल्पनेतलं नाही. ओवेन्स नदीचं पाणी सुमारे ३७५ किलोमीटरवरून लॉस एंजेलिसला आणणारा जलमार्ग ५ नोव्हेंबर १९१३ रोजी सुरू झाला. एकही पंप नाही, सारं पाणी उतारानं येतं. इंजिनिअर म्हणून आजही टोपी काढावी असं काम. ते विल्यम मलहॉलंडचं. पण ही योजना जाहीर होण्याआधी शहरातल्या काही बड्या धनिकांनी सॅन फर्नांडो खोऱ्यातल्या जमिनींचे सौदे करून ठेवले होते. तिकडे ओवेन्स खोरं वाळत गेलं; १९२४ साली तिथल्या लोकांनी सुरुंग लावून जलमार्ग उडवला. टाउननं हा सगळा इतिहास उचलून १९३७ मध्ये बसवला आणि मलहॉलंडच्या नावाचा अर्धा भाग मलरेला दिला.

मलरेच्या तोंडी येणारं फुटलेलं धरणही खऱ्या घटनेवरून घेतलंय. सेंट फ्रान्सिस धरण मलहॉलंडनंच बांधलं. १२ मार्च १९२८ रोजी सकाळी धरणावरच्या राखणदारानं गढूळ पाणी झिरपताना पाहिलं आणि कळवलं. गळतीचं पाणी गढूळ म्हणजे ते आतली माती घेऊन येतंय, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. मलहॉलंड स्वतः येऊन पाहून गेला, धोका नाही म्हणाला. मध्यरात्रीच्या थोडं आधी धरण फुटलं, किमान ४३१ माणसं मेली. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा प्रलय ज्यांच्या घरात अजून सांगितला जातो, त्या पुणेकरांना ही रात्र वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

चौकशीत मलहॉलंडनं दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवलं नाही. चूक माणसाची असेल तर तो माणूस मी, अशा अर्थाचं तो बोलला आणि पुढे पदावरून गेला. खोऱ्यातल्या जमिनी आधीच घेऊन ठेवणाऱ्यांवर असं बोलायची वेळ आली नाही. त्यांचे व्यवहार कागदोपत्री चोख होते. म्हणून मला गिटिसची कीव येत नाही. त्यानं शोधलं ते सगळं खरं होतं, पण ते ऐकून घेऊन जबाबदार माणसाला उभं करणारी चौकशीच त्या शहरात उरली नव्हती. ती नसेल तर कितीही हुशार गुप्तहेर नेमा, कुंपण शेत खातच राहतं.