आजीचा आवाज आणि चार टीबी!

'सगळं सेफ आहे रे, हार्ड डिस्कवर टाकलंय,' असं आपण सगळेच म्हणतो. पण ती हार्ड डिस्क किती सेफ आहे? एका डिस्कनं दगा दिल्यावर घरच्या घरी स्टोरेज सर्व्हर उभा करण्याची ही खटपट...

टक्... टक्... टक्...

हार्ड डिस्क मरताना असा आवाज करते, हे मला मे महिन्यातल्या एका रविवारी कळलं. डोंबिवलीचं घर, डोक्यावर घरघरणारा पंखा, आमरस ओरपून सुस्तावलेली मंडळी. आत्या म्हणाली, "अगं, आईच्या जात्यावरच्या ओव्या लाव ना!" मी ऐटीत एक्स्टर्नल डिस्क लॅपटॉपला लावली. आणि टक्... टक्... टक्...

या ओव्या बाबांनी ९०च्या दशकात गावी, आजीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून रेकॉर्ड केलेल्या. अकरा कॅसेट. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये मी त्या लॅपटॉपवर उतरवून घेतल्या आणि वर शहाणपणा केला, "बाबा, आता कॉम्प्युटरवर आहे ना सगळं! कशाला ठेवायचा हा पसारा?" बाबांनी माझं ऐकलं. कॅसेट भंगारात गेल्या.

डेटा रिकव्हरीवाल्यानं माझं महिन्याभराचं मानधन घेतलं आणि अकरापैकी सात कॅसेट परत दिल्या. चार गेल्या. बाबा एवढंच म्हणाले, "जाऊ दे गं." ओरडले असते तर बरं झालं असतं!

त्या रात्री मी ठरवलं, आता घरात सर्व्हर. मास कॉमवाली मी, मला सर्व्हर म्हणजे ऑफिसात 'डाऊन' असतो तो, एवढंच माहीत. पण आमच्या ग्रुपमध्ये एक सिस्टिम अ‍ॅडमिन आहे. त्याला आम्ही 'रूट' म्हणतो. एका कटिंगवर तो कन्सल्टन्सी द्यायला तयार झाला.

आधी वही काढ!

मला वाटलं, रूट थेट मॉडेल नंबर सांगेल. तो म्हणाला, "आधी वही काढ. काय ठेवायचंय, किती आहे आणि त्यातलं काय गेलं तर तू रडशील, ते लिही."

हा शेवटचा प्रश्न भन्नाट आहे. डाऊनलोड केलेले सिनेमे गेले तर शिव्या घालू, पण रडणार नाही. आजीचा आवाज, दादाच्या लग्नाचे फोटो, माझ्या मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज गेली तर रडू. सगळं मिळून भरलं सव्वा टीबी. मोबाइलवरचा फोर-के व्हिडीओ सेटिंगप्रमाणे मिनिटाला साधारण १७० ते ३५० एमबी खातो, म्हणजे भाच्याचा एक वाढदिवस झाला की डिस्क आणखी भरणार. पुढच्या पाच वर्षांचा विचार करून मी चार टीबीवर शिक्का मारला. (डिस्क लावल्यावर ३.६ दिसले तर दुकानदाराच्या नावानं बोंब मारू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, कॉम्प्युटर १०२४च्या.)

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला, क्लाऊड आहे की! आहे ना. पण गुगल फोटोजची अनलिमिटेड फुकटची मजा १ जून २०२१ला संपली. आता १५ जीबीच्या पुढे दरमहा किंवा दरवर्षी पैसे. क्लाऊड वाईट नाही, पण ते भाड्याचं घर आहे. भाडं थांबलं की सामान हलवायचं!

तीन रस्ते

पहिला रस्ता, रेडिमेड डबा. सिनॉलॉजी, क्यूनॅप वगैरे कंपन्यांचा. डिस्क सरकवा, वायर लावा, ब्राऊझरमधून पाच-सात क्लिक, खेळ खल्लास. आवाज कमी, वीज कमी, डोक्याला शॉट कमी. फक्त खिशाला चाट मोठी, आणि नियम कंपनीचे. सिनॉलॉजीनं २०२५मध्ये आपल्या काही नव्या मॉडेल्सवर स्वतः मान्य केलेल्याच डिस्क लावण्याची सक्ती आणली होती. लोक खवळले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हार्ड डिस्कपुरती ती सैल करावी लागली. ज्याला फक्त 'चाललं पाहिजे' एवढंच हवंय, त्यानं डोळे मिटून हा रस्ता धरावा.

दुसरा रस्ता, नवीन छोटा पीसी. इंटेलचा एन१०० हा २०२३मध्ये आलेला प्रोसेसर फक्त सहा वॉटच्या वर्गातला आहे आणि घरच्या सर्व्हरला पुरून उरतो. पण मिनी पीसीच्या चिमुकल्या डबीत मोठ्या साडेतीन इंची डिस्क बसत नाहीत. मग लोक यूएसबीनं बाहेर डिस्क लटकवतात. रूट म्हणाला, "सिनेमे बघायला ठीक. आजीसाठी नको. यूएसबी मध्येच हात सोडते."

तिसरा रस्ता, ऑफिसमधून निवृत्त झालेला रिफर्बिश्ड डेस्कटॉप. माझ्यासारख्या फ्रीलान्सरला हाच परवडणारा. इथे एकच मेख आहे. चपट्या मॉडेलमध्ये बहुतेकदा एकच मोठी डिस्क मावते. म्हणून उभा टॉवर घ्या, आणि घेण्याआधी झाकण उघडून डिस्कच्या जागा आणि साटा पोर्ट स्वतः मोजा. रॅम किमान आठ जीबी, मला सोळाचा मिळाला. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत, त्यामुळे आतच जास्त रॅम असलेलं मशीन म्हणजे लॉटरी!

लॅमिंग्टन रोड, दुपारी बारा

कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण मुंबईकरांसाठी कायमचा लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत गेलो. रूटनं बजावून ठेवलं होतं, "डिस्क विचारताना सीएमआर की एसएमआर, हे विचार."

मी विचारलं. काउंटरवरचे काका म्हणाले, "मॅडम, सगळ्या सेमच असतात."

नसतात! एसएमआर डिस्क म्हणजे कौलारू छप्पर समजा. कौलं एकावर एक थोडी चढवली की तेवढ्याच जागेत जास्त बसतात. तशाच या डिस्कवर डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर चढलेल्या असतात. पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात ना? तसंच इथं. एक पट्टी नव्यानं लिहायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. रोजच्या वापरात कळत नाही. पण एक डिस्क मेल्यावर नवीवर सगळा डेटा उतरवताना ती रडकुंडीला येते, म्हणजे नेमकी नको त्या वेळी. हे छोट्या अक्षरांतही लिहिलेलं नसायचं. वेस्टर्न डिजिटलच्या घरगुती सर्व्हरसाठीच्या लाल लेबलवाल्या डिस्कमधल्या दोन ते सहा टीबीच्या काही मॉडेल्समध्ये हेच तंत्र आहे, हे २०२०मध्ये बोंबाबोंब झाल्यावर कंपनीनं उघड सांगितलं. तेव्हा मॉडेल नंबर लिहून घ्या, कंपनीच्या साइटवर तपासा आणि मगच पैसे काढा.

रूटच्या सांगण्यावरून दोन डिस्क दोन वेगळ्या दुकानांतून घेतल्या. एकाच लॉटमधल्या जुळ्या बहिणी एकदमच आजारी पडू शकतात, हा त्यामागचा फंडा. सीरियल नंबर टाकून वॉरंटी दुकानात उभ्या उभ्या तपासली. काकांनी भुवया उंचावल्या, पण पक्कं बिल दिलं.

सॉफ्टवेअरचा झोल

आता या डब्यात घालायचं काय? मुख्य उमेदवार तीन. ओपनमीडियाव्हॉल्ट डेबियन लिनक्सवर चालतं, फुकट आहे आणि जुन्या, अशक्त मशीनवरही गुण्यागोविंदानं नांदतं. अनरेडला लायसन्सचे पैसे पडतात, पण वेगवेगळ्या आकाराच्या जुन्या डिस्क एकत्र नांदवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. आणि तिसरं ट्रूनास. २००५मध्ये फ्रीनास म्हणून सुरू झालेलं, २०२०मध्ये नाव बदललेलं. नव्यानं सुरुवात करायची तर त्याची लिनक्सवरची, फुकटची कम्युनिटी आवृत्ती घ्यावी.

मी ट्रूनास घेतलं, ते झेडएफएससाठी. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जन्मलेली ही फाइल सिस्टिम डेटाच्या प्रत्येक तुकड्याचा हिशेब वेगळा लिहून ठेवते. वाचताना हिशेब जुळला नाही, तर 'हा तुकडा सडलाय' हे तिला कळतं आणि दुसऱ्या डिस्कवरच्या चांगल्या प्रतीतून ती तो दुरुस्त करते. साध्या डिस्कवर असा सडका तुकडा गुपचूप पडून राहतो, आणि दहा वर्षांनी गाणं लावल्यावर मध्येच खर्रर्र होतं. ट्रूनासची एक अट मात्र आहे. ते स्वतः राहायला वेगळी डिस्क मागतं आणि त्यावर तुमचा डेटा ठेवू देत नाही. त्यासाठी एक छोटी एसएसडी पुरते.

दोन डिस्क 'मिरर'मध्ये लावल्या. म्हणजे जे एकीवर, तेच दुसरीवर. आठ टीबीचे पैसे मोजून चार टीबी वापरायचे! जीव तुटतो, पण एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं. अशा प्रकाराला रेड म्हणतात. हा रेड म्हणजे रंग नाही आणि पोलिसांचा छापाही नाही. १९८८मध्ये बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एका पेपरमध्ये ते नाव दिलं. अनेक स्वस्त डिस्क मिळून एका महागड्या डिस्कचं काम करतील, ही कल्पना.

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे

इथं मी खूश होऊन उठणार, तेवढ्यात रूट म्हणाला, "बस खाली. आईनं चुकून फोल्डर उडवला तर?"

"दुसऱ्या डिस्कवर आहे की!"

"तिथूनही उडाला. त्याच क्षणी. आरसा आहे तो!"

माझं तोंड उघडं ते उघडंच. मग त्यानं दोन गोष्टी करायला लावल्या. एक, दर रात्री स्नॅपशॉट. झेडएफएस त्या क्षणाचं चित्र धरून ठेवतं, त्यामुळे कालची फाइल आज परत आणता येते. दोन, ३-२-१चा नियम. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. चोरी, आग, गळकं छत, घराबाहेरची प्रत या सगळ्यांना पुरून उरते. आमची ती प्रत नाशिकला, दादाच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये. रात्री सगळे झोपले की दिवसभरात बदललेलं तेवढंच तिकडे जातं. वहिनी म्हणते, "तुमच्या माहेरचं सामान काही संपत नाही!"

हे सगळं टेलस्केलच्या खासगी बोगद्यातून जातं. राऊटरवर दार उघडं टाकून सर्व्हर थेट इंटरनेटवर मांडायचा नाही म्हणजे नाही. जानेवारी २०२२मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं इंटरनेटवर उघडी असलेली क्यूनॅपची मशीन्स गाठली आणि लोकांचे फोटो कुलूपबंद केले. तेव्हा दार बंदच बरं!

विजेचं काय, हा आईचा प्रश्न. प्लगला मीटर लावून बघितलं, सरासरी ३२ वॉट. म्हणजे महिन्याला साधारण २३ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी २३० रुपये, एका मल्टिप्लेक्स पॉपकॉर्नपेक्षा कमी! मात्र यूपीएस हवाच, तोही यूएसबीनं सर्व्हरशी बोलणारा. लाइट गेले की तो निरोप देतो आणि सर्व्हर शिस्तीत झोपी जातो.

फोटोंसाठी इमिच नावाचं फुकट अ‍ॅप टाकलंय. आईच्या मोबाइलमधले फोटो घरी वाय-फाय मिळालं की आपोआप चढतात, चेहऱ्यांवरून माणसं ओळखली जातात. आत्याला आणि तिच्या मुलीला ते एकच समजतं, त्यावरून घरात दोन दिवस हशा.

परीक्षेचा दिवस

गणपतीत सगळे जमले होते. रूटही मोदकांच्या वासानं आला. म्हणाला, "आता परीक्षा." सर्व्हर बंद केला, एका डिस्कची वायर काढायला लावली आणि पुन्हा चालू केला. माझे हात थरथरत होते, खरं सांगते. स्क्रीनवर लाल अक्षरांत कुरकुर आली, एक डिस्क सापडत नाहीये म्हणून. आणि तरीही स्पीकरमधून जात्याची घरघर आली, मागोमाग आजीचा आवाज. आत्यानं डोळ्यांना पदर लावला. बाबा खुर्ची ओढून स्पीकरजवळ बसले. वायर परत लावल्यावर दुसरी डिस्क मागे राहिलेलं स्वतःच भरून घेत बसली, कुणाला पत्ताही लागला नाही.

तुम्हीही सर्व्हर केलात तर हा एक दिवस नक्की ठेवा. परत काढून बघितलेला नाही, तो बॅकअप नव्हे. नुसती आशा!

आणि एक हिशेब, जो मी त्या रात्री केला. तासाभराच्या कॅसेटचं चांगल्या दर्जाचं रेकॉर्डिंग साधारण ६०० एमबी होतं. अकरा कॅसेटचे साडेसहा जीबी. २०२०मध्ये माझ्या ईमेलबरोबर फुकट मिळालेल्या १५ जीबीतही त्या आरामात बसल्या असत्या. एक दुपार लागली असती, बस्स.

सात कॅसेट आता तिथंही आहेत, नाशिकलाही आहेत आणि डोंबिवलीतही. राहिलेल्या चार मात्र कुठल्याच सर्व्हरवर नाहीत. त्यातल्या एकीत आजी माझ्या बारशाचा पाळणा म्हणायची, असं बाबा सांगतात. मी तो शांतपणे ऐकला होता, असंही सांगतात!

तेव्हा डबा कुठला, डिस्क कुठली, हे सावकाश ठरवा. पण तुमच्या कपाटातल्या त्या एकुलत्या एक डिस्कची दुसरी प्रत? ती आजच. ऑफिसातून घरी गेल्या गेल्या!