टीव्हीच्या मागची भिंत

खामगावात बालाजी प्लॉटमधल्या आमच्या घरी १९८६ साली ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आला, त्याच संध्याकाळी बाबांनी त्याच्या मागच्या भिंतीवर एक होल्डर ठोकला आणि त्यात झिरोचा बल्ब लावला. टीव्ही सुरू करायचा तर आधी तो बल्ब लागला पाहिजे, हा घरचा नियम. कुणी विसरलं की स्वयंपाकघरातून आईचा आवाज यायचा, "बल्ब लाव आधी, डोये जातीन."

पडद्यावर बाबांनी आणखी एक गोष्ट चिकटवली होती. तीनरंगी प्लास्टिकचा कागद. वर निळा, मधे तांबूस, खाली हिरवा. आभाळ, माणूस आणि गवत एका चित्रात आलं की तो कागद खरा वाटायचा. बातम्या लागल्या की निवेदिकेचं कपाळ निळं आणि हात हिरवे. २५ जानेवारी १९८७ला 'रामायण' सुरू झालं ते गल्लीतल्या सगळ्यांनी आमच्याकडे असंच पाहिलं. पडद्यावर तो कागद, मागे तो पिवळा बल्ब.

बाबांचं म्हणणं बरोबर होतं, हे मला फार उशिरा समजलं. अंधाऱ्या खोलीत डोळ्याची बाहुली मोठी होते आणि समोर पडदा मात्र झगझगत असतो. दृश्य बदलेल तशी बाहुली आकसते, पसरते, पुन्हा आकसते. तासाभरात डोळा थकतो. मागची भिंत थोडी उजळलेली असेल तर ही ओढाताण कमी होते, शिवाय पडद्यावरचा काळा अधिक काळा दिसतो. चित्रपटाचे रंग ठरवणाऱ्या स्टुडिओंमध्येही मॉनिटरच्या मागे असाच उजेड ठेवतात. तो साडेसहा हजार केल्विनचा पांढरा असावा आणि पडद्याच्या सर्वांत उजळ पांढऱ्याच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये, असा संकेत आहे. आमचा बल्ब त्याहून कितीतरी पिवळा होता, पण त्याची जागा अचूक होती.

उजेड हलू शकतो, रंग बदलू शकतो, हे मला टीव्हीने शिकवलं नाही, मोठ्या देवीने शिकवलं. दसऱ्याला महाराष्ट्राचं नवरात्र संपतं आणि खामगावात कोजागरीला जगदंबेचा, म्हणजे मोठ्या देवीचा, उत्सव सुरू होतो. त्या दिवसांत शाळेतून घरी यायला मी मुद्दाम लांबचा रस्ता धरायचो. मंडपाच्या मागे, जिथे कुणी जात नाही तिथे, एक लाकडी रूळ मोटरवर फिरत असायचा. त्यावर पत्र्याच्या पट्ट्या ठोकलेल्या, आणि त्यांना घासून जाणाऱ्या तारांतून ठिणग्या उडायच्या. पट्टी तारेला लागली की तेवढे बल्ब पेटायचे, सुटली की विझायचे. पुढून बघणाऱ्याला मोर पिसारा फुलवताना दिसे. मला मागचा रूळ जास्त आवडायचा. रंग म्हणाल तर साधे बल्ब रंगाच्या डब्यात बुडवून वाळवलेले असत. लाल, हिरवा, पिवळा छान यायचे. निळा कायम मंद.

तो निळा पुढे कसा आला, ही या सगळ्या गोष्टीतली मला सर्वांत प्रिय हकिकत आहे. लाल एलईडी १९६२ साली निक होलोन्याक यांनी केला. हिरवाही आला. झगझगीत निळ्याला मात्र १९९३पर्यंत थांबावं लागलं. जपानमधल्या निचिया या कंपनीत शूजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइडवर तो करून दाखवला आणि २०१४ साली त्यांना आकासाकी आणि अमानो यांच्यासह भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळ्याशिवाय पांढरा होत नाही. आज घरोघरी जो एलईडी दिवा आहे, तो त्या निळ्याच्या पोटातूनच आला.

फिलिप्सने २००४ साली टीव्हीमागच्या उजेडाला चित्राच्या रंगाशी जोडलं आणि त्याला अँबिलाइट हे नाव दिलं. पडद्याच्या कडेला जो रंग असेल तोच मागच्या भिंतीवर. सुरुवातीच्या संचांत त्यासाठी बारीक ट्यूबलाइट होत्या, एलईडी नंतर आले. मी त्याबद्दल मासिकात वाचलं तेव्हा आमच्याकडे भारनियमनाचे दिवस होते. मासिक मी कंदिलाच्या उजेडात वाचत होतो आणि मनात तो होल्डर आणि तो तीनरंगी कागद एकत्र आले.

आमच्या भिंतीवर पहिली पट्टी लागली ती २०१३ साली. नवा सपाट टीव्ही आला होता आणि बाबांचा होल्डर त्याच्यामागे लपला होता. मी अकोल्याहून बारा व्होल्टची साधी पांढरी एलईडी पट्टी आणली आणि टीव्हीच्या पाठीवर चिकटवली. उजेड इतका निळसर आला की आई म्हणाली, दवाखान्यात बसल्यासारखं वाटते. तिचं बरोबर होतं. त्या पांढऱ्यापुढे पडद्यावरचे चेहरे पिवळे पडत होते. शिवाय आमची भिंत पिस्ता रंगाची. पिस्ता भिंत लाल रंग पुरता परत देत नाही, हिरवा मात्र भरभरून देते. चार वर्षं आम्ही त्या उजेडात टीव्ही पाहिला आणि मला रोज काहीतरी खुपत राहिलं.

अँबिलाइटसारखा उजेड घरीच करण्याचं खरं काम २०१७ साली सुरू झालं. तोवर जगात तीन गोष्टी स्वस्त झाल्या होत्या. एक, डब्ल्यूएस२८१२बी नावाची पट्टी, जिच्या प्रत्येक दिव्यात तीन रंगांचे कण आणि त्यांना हुकूम देणारी बारीक चिप एकत्र असते, म्हणजे एकाच तारेवरून प्रत्येक दिव्याला वेगळा रंग सांगता येतो. दोन, रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक, जो २०१२ साली बाजारात आला. आणि तीन, चित्राच्या कडांचे रंग दिव्यांना कळवणारं हायपेरियन हे सॉफ्टवेअर. ते लिहिणाऱ्यांनी सगळ्या जगासाठी फुकट खुलं ठेवलं. कुठल्या कोण माणसांनी आपल्या रात्री खर्चून हे केलं आणि त्याचा उजेड खामगावातल्या एका भिंतीवर पडला, या विचाराने मला आजही भरून येतं.

आमचा टीव्ही ४३ इंची. रुंदी साधारण ९५ सेंटिमीटर, उंची साडेत्रेपन्न. मीटरला तीस दिवे असलेली पट्टी घेतली आणि मोजणी केली. वर २८, खाली २८, बाजूंना सोळा-सोळा, एकूण ८८. एक दिवा पूर्ण पांढरा पेटला तर साठ मिलिअँपिअरपर्यंत ओढतो, म्हणून सव्वापाच अँपिअरच्या वर हिशेब गेला आणि मी पाच व्होल्टचा दहा अँपिअरचा अडॅप्टर मागवला. जो आला त्यावर दहा लिहिलं होतं, पण भार पडला की तो चार अँपिअरलाच धापा टाकायचा. दुसरा आणेपर्यंत महिना गेला.

सेट टॉप बॉक्समधून निघालेलं चित्र दोन वाटांनी न्यायचं. एक वाट टीव्हीकडे, दुसरी वाट साध्या एव्ही सिग्नलमध्ये बदलून रास्पबेरी पायकडे. पाय त्या चित्राच्या कडा पाहतो, प्रत्येक कडेचे तुकडे करतो, तुकड्याचा सरासरी रंग काढतो आणि तो त्या-त्या दिव्याला कळवतो. एका दिव्याला रंग सांगायला चोवीस बिट लागतात, म्हणजे तीस मायक्रोसेकंद. अठ्ठ्याऐंशी दिव्यांची फेरी तीन मिलिसेकंदांच्या आत संपते. म्हणजे उशीर पट्टीला कधीच लागत नाही, तो चित्र बदलून घेण्याच्या वाटेवर लागतो.

पट्टी चार कोपऱ्यांवर वळत नाही. ती कापून तारांनी जोडावी लागते, कोपऱ्याला तीन तारा, दोन्ही टोकांना डाग. माझे पहिले डाग सगळे सुटले. आमच्या गल्लीत चांदीचं काम करणारे एक काका राहतात. खामगाव चांदीचं गाव, असे हात इथे गल्लोगल्ली सापडतात. त्यांनी माझी पट्टी डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, "तू डागच तापवून राह्यला. आधी जागा तापव, मग डाग आपोआप बसते." चांदीला बत्ती लागते, इथे सोल्डरिंग गन, पण नियम तोच. दोन कोपरे त्यांनी स्वतः जोडले. ते आजतागायत सुटलेले नाहीत.

पहिल्या रात्री पट्टी पेटली आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात पांढरा रंग तांबूस दिसला. लांबवर गेल्यावर व्होल्टेज पडतं, आणि निळ्या-हिरव्या कणांना लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून ते आधी मंदावतात. दुसऱ्या टोकालाही वीज दिली, दोष गेला. मग भिंत. दिवाळीआधी ती पांढऱ्या रंगाने रंगवून घेतली, मुद्दाम बिनचमकीच्या. चमकदार भिंतीवर उजेडाची साय धरत नाही, दिव्यांचे ठिपके दिसतात. गिलाव्यातल्या प्रत्येक उंचवट्याची सावली त्या तिरप्या उजेडात उघडी पडत होती, म्हणून पुट्टीचे दोन हात जास्त द्यावे लागले.

एवढं झाल्यावर बाबा बातम्या लावून बसले आणि पाच मिनिटांत त्यांनी मला हाक मारली. "भिंत लाल लाल काहून होते रे?" मराठी बातम्यांच्या पडद्याखाली ती लाल पट्टी धावते, तिने खालचे अठ्ठावीस दिवे सतत लाल करून टाकले होते. रक्तदाब असलेल्या माणसाने तासभर पाहावं असं ते नव्हतं. मी पाहण्याची जागा पडद्याच्या कडेपासून आत, त्या पट्टीच्या वर सरकवली. क्रिकेटला मात्र काही करावं लागलं नाही. मैदान लागलं की सगळी खोली गवतासारखी हिरवी होते, आणि २०१९च्या जुलैत मँचेस्टरला धोनी धावबाद झाला तेव्हा त्या हिरव्या उजेडात आम्ही चौघं किती वेळ गप्प बसलो, ते मला आठवतं.

खामगावच्या उन्हाळ्याने आणखी परीक्षा घेतली. मे महिन्यात दुपारी पट्टीमागचा गोंद मऊ होऊन ती लोंबायला लागली. डबल टेपचे तीन प्रकार करून पाहिले आणि शेवटी अ‍ॅल्युमिनियमची पन्हळ बसवून पट्टी तिच्यात ठेवली. त्याने उष्णताही पसरते. विजेचा प्रश्न त्याहून चिवट होता. वीज अचानक गेली की रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड बिघडायचं. दोन वर्षांत तीन कार्डं गेली.

मग २०२०चा टाळेबंदीचा मार्च. २८ तारखेला दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवायला सुरुवात केली, सकाळी ९ आणि रात्री ९. जुनं चौकोनी चित्र, नव्या रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळे पट्टे. पट्टीने बाजूंचे दिवे विझवून टाकले, कारण तिला तिथे काळाच दिसत होता. काळी कड ओळखून आत सरकण्याची सोय हायपेरियनमध्ये आहे. मी ती चालू केली आणि भिंत एकदम भगवी-सोनेरी झाली. दरबाराचं दृश्य होतं. आई थोडा वेळ भिंतीकडेच पाहत राहिली. मग तिने विचारलं, "तवाही हे रंगीतच होतं का?" होतं. आम्हीच ते काळंपांढरं पाहिलं होतं, निळ्या-हिरव्या कागदातून. त्यानंतरचे सगळे भाग तिने रात्रीचेच पाहिले, दिवे मालवून. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि भिंतीवर उजेड असला की पडदा टोचत नाही, असं ती म्हणायची. हे काम मी हौसेने सुरू केलं होतं. त्या महिन्यात ते घरच्या गरजेचं झालं.

पुढची वर्षं सुधारणेची कमी आणि आवरण्याची जास्त. कार्डांच्या त्रासावर उपाय म्हणून पट्टी ईएसपी३२ या छोट्या बोर्डवर आणि डब्ल्यूएलईडी या सॉफ्टवेअरवर नेली. त्यात कार्डच नाही. वीज आली की काही सेकंदांत दिवे उभे राहतात. रंग काढायचं काम अजून पायच करतो, पण आता तो इन्व्हर्टरवर आहे. एचडीआर चित्र आलं तेव्हा भिंत फिकट, धुतल्यासारखी झाली, कारण त्या चित्रातली रंगांची मोजपट्टी वेगळी. त्यासाठीची आवृत्तीही कुणीतरी लिहून ठेवली होती. टीव्हीच्या पोटात चालणाऱ्या अ‍ॅपचं चित्र मात्र बाहेर मिळत नाही, आणि हल्ली तरुण मंडळी तेच पाहतात. त्यासाठी पडद्याकडे बघणारा कॅमेरा लावणारे संच निघाले आहेत. ते मला पटलेले नाहीत. खोलीत कुणी दिवा लावला की कॅमेऱ्याचा रंग चुकतो.

पहिल्या वर्षी मी दिव्यांची तीव्रता शंभर टक्के ठेवली होती. पाहुणे यायचे, आणि पडदा सोडून भिंतच बघायचे. आता ती तीस आहे आणि रंग बदलायला दिव्यांना थोडा जास्त वेळ दिला आहे. ज्या सिनेमाचे रंग कुणीतरी विचाराने ठरवले आहेत, त्याला मी रंगीत भिंत लावत नाही. बाजूच्या रंगाने डोळा फसतो आणि पडद्यावरचा रंग बदललेला भासतो. तिथे साधा पांढरा, साडेसहा हजारांचा. बातम्यांनाही तोच. रंगीत भिंत गाण्यांना, क्रिकेटला आणि आईच्या मालिकांना.

या दिवाळीत ५५ इंची टीव्ही घ्यायचं ठरलं आहे. मोजून ठेवलंय, ११४ दिवे लागतील, म्हणजे सव्वीस वाढवायचे. नवी चौकट, नवी पन्हळ. बाबांचा होल्डर त्या मोठ्या टीव्हीच्या मागेही मावतो, म्हणून तो काढायचा नाही. कोपरे पुन्हा चारच. गल्लीतल्या काकांना आता बारीक दिसत नाही, पण परवा भेटले तेव्हा त्यांनीच विचारलं, "डाग द्याले कधी येऊ?"