उतारावरची तांबडी वाइन

भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात पावसाळ्यात धानाच्या बांधीत पाणी साचलं नाही, तर शेतकऱ्याची झोप उडते. धुरे दुरुस्त करायचे, इटियाडोह धरणाच्या कालव्याकडे डोळे लावायचे, कशीबशी रोवणी उरकायची. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीकाठी एर्मिताज नावाची टेकडी आहे. तिथे सगळं उलटं. मुळाशी पाणी थांबलं की द्राक्षवाल्याच्या पोटात गोळा येतो.

ही टेकडी जेमतेम 140 हेक्टरांची. तोंड दक्षिणेला, म्हणजे दिवसभर ऊन. पश्चिमेकडच्या भागात ग्रॅनाइटचा खडक आणि वर मातीचा पातळ थर. चढ इतका की ट्रॅक्टर चालत नाही. बरीचशी कामं हातानेच. जोराच्या पावसात वाहून आलेली माती पुन्हा वर नेऊन टाकायची तिथे जुनी रीत आहे. इथे लाल वाइनसाठी सिरा हे एकच काळं द्राक्ष लावतात. शाव कुटुंब या भागात 1481 पासून बापाकडून मुलाकडे हा धंदा चालवत आलंय. बहमनी वजीर महमूद गवानचा शिरच्छेद झाला, तेच हे साल!

इथली लाल वाइन दमदार असते. आता उताराचा आणि या दमदारपणाचा संबंध काय? पाणी निघून जातं म्हणून मुळं खडकाच्या फटींतून खोल शिरतात. वेल पानांनी माजत नाही, मणी बारीक राहतात. बारीक मण्यात रसाच्या मानाने साल जास्त, आणि खरा ऐवज सालीतच असतो. काळं द्राक्ष चिरून पाहा, गर फिकट हिरवट दिसेल. लाल वाइनचा रंग गराचा नव्हेच.

म्हणून द्राक्षं फोडल्यावर रस गाळून घेत नाहीत, साली-बियांसकट आंबवतात. आंबताना उठणारा वायू साली वर ढकलतो आणि टाकीत त्यांचा जाड थर तरंगू लागतो. तो दिवसातून एक-दोनदा खाली दाबायचा, नाहीतर खालची वाइन उपसून त्यावर ओतायची. असं आठवडा-दोन आठवडे, कधी जास्तही. रंगाबरोबर टॅनिन उतरतं ते याच काळात. कच्चं टेंभरू चावल्यावर जीभ आवळते, ती टॅनिननेच. ओकच्या पिंपात महिनोन्‌महिने राहिल्यावर हा तुरटपणा मवाळ होतो. शावांच्या तळघरात टेकडीच्या वेगवेगळ्या तुकड्यांची वाइन आधी निरनिराळी ठेवतात आणि चाखूनच मिसळतात. माझ्या मते खरं कौशल्य या मिसळण्यात आहे; बाकीचं टेकडी करते.

हेच सिरा आपल्याकडे शिराझ नावाने नाशिकला आलं. इराणच्या शिराझ शहरातून ते निघाल्याची दंतकथा अजून सांगतात, पण डीएनए तपासणीने त्याचे आईबाप आग्नेय फ्रान्समधलेच ठरवले. नाशिकला गंगापूर धरणाच्या पाण्यालगत यॉर्क ही एका कुटुंबाने सुरू केलेली वायनरी आहे. तिचं नाव इंग्लंडवरून नाही, घरच्या तीन मुलांच्या आद्याक्षरांवरून पडलंय.

आपल्या हवेत वेल हिवाळ्यात झोपत नाही. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्च. फ्रान्समध्ये दिवस लहान होत असताना द्राक्ष पिकतं. आपल्याकडे उन्हं तापू लागताना. साखर भरभर चढते, साल-बी पक्व व्हायला मात्र वेळ लागतो. नाशिकची थंड रात्र कामी येते ती इथे.

जानेवारी 2022 मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा राज्य सरकारचा निर्णय आला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असं बरंच ऐकायला मिळालं. मोहाच्या दारूसारखी ती भट्टीवर चढवत नाहीत हे खरं. पण अशा दमदार लाल वाइनमध्ये तेरा-चौदा टक्के अल्कोहोल असतं. लाखांदूरशेजारच्या वडसा-देसाईगंजला, दारूबंदीच्या गडचिरोली जिल्ह्यात, ही बाटलीही चालत नाही.

ज्यांना चाखायचीच आहे त्यांना एक सूचना. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी म्हणतात, ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. मे महिन्यातल्या लाखांदूरची नव्हे! अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. आणि सावजी रस्सा सोबत घेऊ नका. अल्कोहोलने तिखट आणखी भडकतं. निखाऱ्यावर भाजलेलं, कमी तिखटाचं मटण बरं.