उंचावरचा वारा

खळ्यावर धान्य उपणताना आपल्या आज्या तिवईवर का उभ्या राहायच्या? उंचावर वारा चांगला लागतो म्हणून. आज मारुंजीतही तेच दिसतं. अंगणातला कपडा जेमतेम हलतो, तेव्हा शेजारच्या टॉवरच्या दहाव्या मजल्यावरचा फडफडत असतो.

असं का होतं? वारा जमिनीलगत घासत जातो. झाडं, घरं, टेकड्या त्याला अडवतात. जसजसं वर जावं, तसतसा अडथळा कमी होतो आणि वेग वाढतो.

समुद्रावर झाडं नाहीत, घरं नाहीत. अडवायला फक्त लाटा. म्हणून तिथे पाण्यालगतही वारा जोरातच असतो. साधारण हिशोब असा : 100 मीटर उंचीवर वारा ताशी 100 किलोमीटर असेल, तर 10 मीटर उंचीवर तो समुद्रावर 80च्या आसपास, मोकळ्या शेतावर 70च्या आसपास आणि दाट वस्तीत 55 ते 60 असतो. उन्हाने, पावसाने हे आकडे थोडे बदलतात.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा वारा ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. घाट चढून इकडे येईपर्यंत त्याचा जोर कमी झाला. तरीही मावळात पत्रे उडाले, पॉलिहाऊस फाटली.

वादळाच्या बातमीत वाऱ्याचा जो वेग सांगतात, तो 10 मीटर, म्हणजे सुमारे 33 फूट उंचीचा धरलेला असतो. तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या गच्चीवरची शेड त्याहून वर असते. तिथे वारा बातमीतल्यापेक्षा जास्त समजा. आणि वेग थोडा वाढला तरी दाब खूप वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. 60 चा वारा 72 झाला, तर पत्र्यावरचा जोर जवळजवळ दीडपट होतो.

होर्डिंगचंही तसंच. घरांच्या वर, मोकळ्या वाऱ्यात ते उभं असतं. 17 एप्रिल 2023 ला किवळ्यात वादळी वाऱ्यात होर्डिंग कोसळलं आणि खाली आडोशाला थांबलेल्यांपैकी पाच जणांचा जीव गेला. खाली उभं राहून वारा सोसण्याजोगा वाटतो. वर फलकावर तो किती आहे, हे आपल्याला कळत नाही.

म्हणून जून लागायच्या आधी गटाच्या बैठकीत एवढं ठरवा. प्रत्येकीने पत्र्याचे हूक आणि नटबोल्ट तपासून घ्यायचे. आधी गच्चीवरची शेड, मग खालची. पत्र्यावर दगड ठेवून भागवायचं नाही. पत्रा उचलला की तोच दगड कुणाच्या तरी डोक्यात पडतो. गच्चीवरच्या कुंड्या, रिकाम्या टाक्या खाली आणायच्या किंवा बांधायच्या. आणि वारा सुटला की होर्डिंगखाली थांबायचं नाही. भिजलं तरी चालेल, पण पक्क्या इमारतीत जायचं. शाळेतून येणाऱ्या मुलांनाही हे आजच सांगा.