पोरांच्या खेळासाठी सहा गुंठे



लागणीची तारीख, खताची मात्रा, पाण्याची पाळी हे आपण बोटावर सांगतो. पण घरातलं पोर दिवसाकाठी किती वेळ पळतं, असं कोणी विचारलं तर आपण गप्प बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे की, ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींना रोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल असा खेळ वा हालचाल हवी.

पूर्वी हा हिशेब लागत नव्हता. शाळेची वाट पायाखालची, पोहायला विहीर, सूरपारंब्यांना वड. आता शाळेला गाडी, विहिरीच्या जागी बोअर आणि हातात मोबाईल. त्यातून पोरं खेळायला निघालीच, तर पटांगणात ट्रॉल्या उभ्या आणि कडेला वाळूचे ढीग. मग ती रस्त्यावर खेळतात. हंगामात त्याच रस्त्याने उसाच्या जोडट्रॉल्या धावतात. ऊस आपलाच आणि पोरंही आपलीच, हे विसरून चालणार नाही.

जागा किती लागते? मुलींच्या कबड्डीचे मैदान १२ बाय ८ मीटर, म्हणजे जेमतेम एक गुंठा. खो-खोचे २७ बाय १६ मीटर. भोवतीची मोकळी जागा धरून सहा गुंठ्यांत बसते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष व महिला अशी दोन्ही अजिंक्यपदे भारताने जिंकली, आणि दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचेच होते. या खेळाला दोन खांब आणि चांगली माती एवढेच भांडवल लागते.

मात्र नुसती जागा सोडून भागत नाही. कडेला कडुनिंब लावावा, पिण्याचे पाणी व दिवा असावा. लहानग्यांसाठी वाळूचा हौद वेगळा हवा. मुलींची वेळ ठरवून द्यावी आणि त्या वेळी गावातली एखादी जाणती बाई तिथं असावी. नाहीतर दहा-बारा वर्षांची झाली की पोरगी घरात बसते. ऊसतोडणी कामगारांच्या मुलांनाही हंगामात याच मैदानात घ्यावे. खेळाला पोटात अन्नही लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालील ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. खेळून आलेल्या पोराच्या हातावर शेंगदाणे, उकडलेले अंडे किंवा पेलाभर दूध ठेवणे आपल्याला जड नाही.

पैशाचे म्हणाल तर ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्चावे लागतात. त्यातून काय होईल, हे ग्रामसभेत उठून विचारा.

आमचे एवढेच सांगणे आहे, की बॉयलर पेटण्याआधी गावात बसून ट्रॉल्या कुठं उभ्या करायच्या ते ठरवा. शाळेचं पटांगण सोडून कुठंही.