यकृताचे काठिण्य : सदोष नोंदींतून विश्वसनीय अंदाज

रुग्णास दीर्घ श्वास घ्यावयास सांगून उजव्या बरगड्यांखाली यकृताचा काठ चाचपणे ही वैद्यकातील जुनी तपासणी होय. निरोगी यकृत मऊ असते. कावीळ ‘बी’ व ‘सी’चे विषाणू, मद्य अथवा साचलेली चरबी यांमुळे त्यात वर्षानुवर्षे व्रणतंतू वाढले की ते घट्ट होते व अखेरीस सिऱ्होसिसची अवस्था येते. हाताला हा फरक कळेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. बायोप्सी अधिक सांगते. परंतु सुईने काढलेला तुकडा यकृताचा सुमारे पन्नासहजारावा भाग असतो आणि रक्तस्रावाचा अल्पसा धोकाही राहतो.

फ्रान्समध्ये विकसित झालेल्या व २००३ पासून वैद्यकीय नियतकालिकांत वर्णिलेल्या इलास्टोग्राफीच्या पद्धतीत सुई लागत नाही. बरगड्यांमधील त्वचेवर टेकवलेले उपकरण ५० हर्ट्झचा हलका ठोका देते. त्यातून उठलेली लहर यकृतातून पुढे सरकते आणि सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी तिचा माग घेतात. यकृत जितके घट्ट, तितकी लहर वेगवान. वेगाच्या वर्गास तीनने गुणले की काठिण्य किलोपास्कलमध्ये मिळते. वेग सेकंदाला १ मीटर असल्यास ३, तर २ मीटर असल्यास १२.

खरी अडचण येथेच आहे. वेग मोजताना १० टक्क्यांची चूक झाल्यास काठिण्यात ती सुमारे २१ टक्के होते, आणि श्वासाची हालचाल, त्वचेखालील चरबी यांमुळे प्रत्येक नोंद थोडीफार सदोष असतेच. म्हणून निरनिराळ्या खोलींवर लहर केव्हा पोहोचली हे पाहून संगणक असा वेग शोधतो की, अपेक्षित व प्रत्यक्ष वेळांतील फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी व्हावी. फ्रेंच गणिती लजांद्र यांनी १८०५ मध्ये धूमकेतूंच्या कक्षांसाठी प्रसिद्ध केलेलेच हे तत्त्व होय. अशा दहा मोजण्या घेऊन त्यांचा मध्यक स्वीकारतात. मधल्या निम्म्या मोजण्यांचा पसारा मध्यकाच्या ३० टक्क्यांहून अधिक असेल, तर निष्कर्ष सावधपणे घ्यावा लागतो.

तथापि सर्व चुका गणिताने दूर होत नाहीत. जेवणानंतर यकृताकडे रक्तप्रवाह वाढतो. तीव्र काविळीत त्यास सूज येते. हृदय दुर्बल असल्यास त्यात रक्त साचते. अशा वेळी दहाही मोजण्या एकमेकींशी जुळतील आणि तरीही व्रणतंतूंविषयी दिशाभूल करतील. यास्तव तपासणीपूर्वी सुमारे तीन तास उपाशी राहावे व आपले अन्य आजार डॉक्टरांना अवश्य सांगावेत.

रुग्णांच्या नातेवाइकांनी अहवालातील आकडा हा अंतिम निकाल मानू नये. रक्ततपासणी व डॉक्टरांचे परीक्षण यांच्या जोडीनेच त्यास अर्थ प्राप्त होतो. देणगीदारांच्या व विश्वस्तांच्याही ध्यानी यावे की, यंत्राच्या खरेदीइतकेच त्याचे नियमित अंशांकन व ते हाताळणाऱ्यांचे प्रशिक्षण मोलाचे आहे. नोंद जितकी निर्दोष, तितका अंदाज सत्याच्या जवळ, आणि तितक्याच अनावश्यक सुया रुग्णाच्या वाट्याला कमी येतात.